बंदकराबाई आणि शनीच्या चंद्रावरची शिट्टी

बंदकराबाईंची गाडी गल्लीत शिरली की लोक हातातलं काम टाकून आधी घरातली बटणं आठवायला लागत. बाईंचं खरं नाव पगारपत्रकात होतं आणि ते तिथेच पडून राहिलं. गावाने त्यांचं बारसं त्यांच्याच तोंडच्या दोन शब्दांवर उरकून टाकलं होतं. कुणाच्याही दारात उभं राहून बाई पहिल्यांदा म्हणायच्या, "बंद करा." काय, कशाला, किती वेळ, हे सगळं नंतर.

कामच तसं होतं. गावामागच्या टेकडीवर एक भलीमोठी पांढरी तबकडी उभी होती. गाव तिला 'कान' म्हणायचं. माणसांनी दूरदूरच्या ग्रहांकडे पाठवलेली यानं जे काही बोलतात ते ऐकणं ही त्या कानाची नोकरी. एवढ्या लांबून निघालेला आवाज इथे पोचेपर्यंत इतका बारीक होतो, की गावातली एखादी बिघडलेली दारावरची घंटा नुसती कुजबुजली तरी तो बुडून जातो. म्हणून बाई. छपरावर अँटेना बसवलेली गाडी घेऊन फिरायचं, आगंतुक लहरी कुठून येतायत त्याचा माग काढायचा, आणि सापडलेल्या दारात जाऊन ते दोन शब्द म्हणायचे.

यात लोकप्रियता कुठून मिळणार? न्हाव्याच्या दुकानातल्या माशांच्या टाकीचा हीटर बाईंनी पकडला, तेव्हा तो महिनाभर त्यांच्याशी बोलला नाही. कोंबड्यांवाल्याचं विजेचं कुंपण पकडलं, तेव्हा त्याच्या बायकोने कोंबड्यांच्या वतीने बाईंना शिव्या घातल्या. एका मास्तरांनी तर मायक्रोवेव्ह कपड्यांच्या कपाटात लपवला आणि जेवण गरम करताना त्यांचा स्वेटर करपला. बाईंना वाईट वाटायचं, पण तेवढ्यापुरतंच. त्यांचं म्हणणं साधं होतं: तुमचा चहा पुन्हा गरम होईल, तिकडून आलेला शब्द पुन्हा येणार नाही.

या कामात त्या पडल्या त्या सासऱ्यांमुळे. लग्न झालं बेकरीवाल्याशी, पण गट्टी जमली ती सासऱ्यांशी. बेकरीच्या मागच्या शेडमध्ये त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. नवीन सून चहाचा कप घेऊन गेली, की ते तिला बसवून घ्यायचे आणि उघड्या रेडिओला कान लावायला सांगायचे. "खरखर म्हणजे सगळी एकच नसते, सूनबाई. मोटरची वेगळी, ट्यूबलाइटची वेगळी, ढगातल्या विजेची वेगळी. ऐक, ओळख." वर्षभरात सून डोळे मिटून सांगायला लागली, की ही शेजारच्यांची शिलाई मशीन आणि ही रस्त्यावरची मोटरसायकल. टेकडीवर माणूस हवाय असं कळलं, तेव्हा सासऱ्यांनीच तिला ढकललं. मुलाखतीच्या दिवशी फाटकाबाहेर दगडावर बसून राहिले आणि ती बाहेर येताच ओरडले, "लागली की नाही?" लागली होती.

पुढे रेडिओ गेले आणि दुकानही गेलं. मग सासऱ्यांचे कान जायला लागले. आधी पाखरं गेली, मग दारावरची घंटा, मग नातवंडांचे बारीक आवाज. वरच्या पट्टीतलं सगळं पुसलं गेलं, खालचं तेवढं उरलं. डॉक्टरांनी सांगितलं, हेही राहायचं नाही. आयुष्यभर ज्याने कानावर पोट भरलं त्याला हे सांगताना डॉक्टर भिंतीकडे बघत होते. सासरे मात्र घरी येऊन म्हणाले, "मग जे ऐकायचं ते लवकर ऐकून घेतलं पाहिजे." बाई त्या दिवसापासून घरात खालच्या पट्टीत बोलायला लागल्या. गावावर ओरडणारी बाई घरी पुरुषी आवाजात का बोलते, हे शेजाऱ्यांना कधी कळलं नाही.

आणि मग शनी आला. म्हणजे शनी होता तिथेच होता, आपलं यान तिथे पोचलं. प्रवासालाच सात वर्षं आणि वर काही महिने लागले. सासऱ्यांनी तेव्हाच शेरा मारला होता, "शनी माणसाच्या मागे साडेसाती लावतो असं ऐकलं होतं. इथे माणसांनीच शनीच्या मागे लावली!" यान शनीभोवती फिरायला लागलं आणि टेकडीवर रोज नवीन काहीतरी उतरायला लागलं. एका चंद्राच्या बुडातून पाण्याची कारंजी उडताना दिसली! एक चंद्र अक्रोडासारखा, मधोमध कंगोरा असलेला! बाई जेवताना सांगायच्या, सासरे घास हातात धरून ऐकायचे, आणि बेकरीवाला म्हणायचा, "आमटी निवतेय."

सगळ्यांचं लक्ष लागलं होतं ते सर्वांत मोठ्या चंद्राकडे. दाट, पिवळट धुक्यात गुरफटलेला. आत काय आहे, धड दिसत नाही. त्या धुक्यात एक लहान यान सोडायचं ठरलं होतं. टेकडीवर सगळे त्याला 'पिल्लू' म्हणायचे. पिल्लू हवाई छत्रीला लटकत खाली उतरणार, फोटो काढणार आणि ते मोठ्या यानाला देणार. फोटो इकडे मागाहून येतील. पण उतरताना पिल्लू एक सलग, बारीक शिट्टी वाजवत राहणार होतं आणि ती शिट्टी थेट आपल्या कानाने पकडायची होती. तिकडे वारा असेल तर पिल्लू हेलकावे खाईल आणि शिट्टीचा सूर वरखाली होईल, जवळून गेलेल्या आगगाडीच्या शिट्टीचा होतो तसा. त्यावरून तिथला वारा मोजायचा. हे काम ज्या बाईचं होतं तिला सगळे 'वारेवाली' म्हणत. शिकून नुकतीच बाहेर पडली तेव्हा ती या मोहिमेत आली आणि आता तिचे केस पिकायला लागले होते. तिची अख्खी उमेद त्या एका शिट्टीवर होती. पिल्लू एकच होतं आणि ते एकदाच पडणार होतं.

बाईंनी घरी ही शिट्टी रेडिओच्या नेमक्या कुठल्या आकड्यावर लागणार तेसुद्धा सांगून टाकलं होतं. जुन्या रेडिओवाल्याला असा आकडा सांगणं म्हणजे मांजराला दुधाचा पत्ता देणं, पण कौतुकाच्या भरात ते लक्षात कुणाच्या येतं?

"मला ऐकायचीय ती," सासरे म्हणाले होते.

"बाबा, ती कानाने ऐकायची नसते. पडद्यावर रेघ दिसते नुसती."

"असं होय," ते म्हणाले आणि मीठ मागितलं.

तो दिवस उजाडला. गाव असं चिडीचूप, की स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकून माणसं दचकत होती. बाईंनी आदल्या दिवशी घर न घर पालथं घातलं होतं. दुपारी त्या नियंत्रण कक्षात येऊन भिंतीला टेकल्या. आज आपलं काम संपलं, आता फक्त बघायचं!

आणि पडद्यावर रेघ उमटली.

"आली!" कुणीतरी किंचाळलं. लोक खुर्च्यांवरून उठले, एकमेकांच्या गळ्यात पडले. कक्षप्रमुख, जे लग्नाच्या फोटोतही हसले नव्हते म्हणतात, त्यांनी टाळी वाजवली. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. वारेवाली मात्र पडद्याजवळ गेली आणि रेघेला नाक लागेल इतकी वाकली.

"वेळेच्या आधी आलीय," ती म्हणाली. "आणि सरळ आहे."

खोलीतला आनंद ओसरला. आपली पृथ्वी फिरतेय, तो चंद्र फिरतोय. तिकडून आलेली रेघ कलायलाच हवी. ही पट्टी ठेवून काढल्यासारखी उभी होती. तिकडची नव्हतीच ती. इथलीच, जमिनीवरची, आणि बरोबर पिल्लाच्या जागेवर येऊन बसलेली. खरी शिट्टी आली तर हिच्याखाली गाडली जाणार.

वारेवाली वळली. तिच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. "बाई," ती एवढंच म्हणाली.

"आता बंद करते," म्हणून बाई धावल्या.

गाडी टेकडीवरून सुसाट उतरली. अँटेनाच्या यंत्रावरचा काटा गावाकडे दाखवत होता. न्हावी दुकानाबाहेर उभा होता, त्याने दोन्ही हात वर केले. "बाई, माझे मासे कुडकुडतायत, पण हीटर बंद आहे हां!" कोंबड्यांवाल्याने कुंपणाची वायरच काढून गळ्यात घातली होती. मास्तर दारात मायक्रोवेव्ह कडेवर घेऊन उभे होते, म्हणजे बोलायला जागाच नको. सगळे शहाण्यासारखे वागत होते आणि काटा तरी चढत होता. चढत चढत तो बाजारातून वळला, चांभाराच्या दुकानावरून पुढे गेला आणि बाईंच्या स्वतःच्या गल्लीत शिरला.

बेकरीत नवरा भट्टीसमोर उकिडवा बसून काचेतून आत बघत होता. आजच्या दिवसासाठी त्याने मधे गोळा आणि भोवती कडं असा शनीचा केक लावला होता.

"बंद करा!"

"अगं, केक बसेल!"

"बसू दे!"

भट्टी बंद झाली. पंखा बंद झाला, पीठ मळायचं यंत्र बंद झालं. कानापायी गावात मोबाइलला बंदी होती, त्यामुळे बाईंनी बेकरी आणि घर यांच्यामधल्या बोळातला भिंतीवरचा फोन उचलला. "गेला का?"

"नाही," पलीकडून वारेवाली म्हणाली. "बाई, लवकर."

"केक गेला आणि आवाज राहिला," नवरा कपाळावर पिठाचा हात मारत म्हणाला.

बाईंनी हातातली छोटी अँटेना घेतली आणि बोळातच स्वतःभोवती सावकाश फिरल्या. रस्त्याकडे काही नाही. शेजारी नाही. मागच्या अंगणाकडे वळल्या आणि यंत्र किंचाळलं. समोर शेड होती. सगळं गाव तपासलं होतं त्यांनी. फक्त ही शेड तपासली नव्हती, कारण ती घरची होती आणि त्यात त्यांना खरखर ओळखायला शिकवणारा माणूस बसत होता.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," मागून नवरा पुटपुटला. एरवी बाईंनी त्याला फाडून खाल्लं असतं.

शेडच्या छपराचा एक पत्रा सरकवलेला होता. खाली टीव्हीची जुनी छत्री आभाळाकडे तोंड करून ठेवलेली, तिला लुगड्याच्या चिंध्यांनी आणि तारांनी आवळलेलं. टेबलावर उघडीवाघडी यंत्रं. आणि मधोमध सासरे, कानांवर हेडफोन, डोळे मिटलेले. चेहऱ्यावर असा आनंद, की बाईंच्या तोंडातले दोन शब्द तोंडातच राहिले.

त्यांनी खांद्याला हात लावला. सासऱ्यांनी डोळे उघडले. "सूनबाई! लागली! यंत्र बरोबर जागेवर लागलं! ती बघ," त्यांनी खिडकीतल्या पत्र्याच्या डबीकडे बोट दाखवलं, "मीच केलीय, जुळवणीपुरती खोटी शिट्टी. खरी यायच्या आधी काढून ठेवणार."

"बाबा," बाई त्यांच्या खालच्या पट्टीत म्हणाल्या, "तुमची खोटी शिट्टी टेकडीवर पोचली. साहेब टाळ्या वाजवून नाचले."

सासरे आधी खो खो हसले. एवढीशी डबी आणि तिच्यावर मोठमोठे साहेब नाचले! मग हसणं अर्ध्यावर थांबलं. या धंद्यात त्यांना समजावून सांगायला काही लागत नसे. त्यांनी लगेच डबीची तार ओढून काढली.

"ऐकायचं यंत्रही, बाबा. त्यातूनही लहरी गळतात."

"हेही?"

"सगळंच."

त्यांचा हात बटणावर गेला आणि तिथे राहिला. बाईंना पलीकडच्या फोनमधली वारेवाली दिसत होती आणि समोर हा हात दिसत होता. ओढून बंद करायचं त्यांच्या जिवावर आलं. पण आज त्यांनी हे केलं नसतं तर उद्या कुठल्या तोंडाने दुसऱ्याच्या दारात उभ्या राहिल्या असत्या?

"या छत्रीला शनीवरचं काही ऐकू येणार नाही, हे मलाही कळतं गं," सासरे म्हणाले. "सात जन्मात येणार नाही. पण कान लावून बसायला काय हरकत होती? जाता जाता एक नवीन आवाज ऐकावा म्हटलं. जुने सगळे ऐकून झालेत."

"बाबा, बंद करा," बाई म्हणाल्या. रडत म्हणाल्या, पण म्हणाल्या.

त्यांनी बटण दाबलं. हेडफोन काढून मांडीवर ठेवला. "जन्मभर लोकांचे रेडिओ चालू करून दिले," ते म्हणाले आणि उगाचच शर्टाच्या टोकाने टेबल पुसायला लागले.

बाई बोळात धावल्या. फोन अजून चालूच होता. "गेला?"

"गेला! साफ झाला पडदा! बाई, तुम्हाला काय देऊ सांगा!" वारेवाली आनंदाने ओरडली. असं लोक उगाच म्हणतात, कुणी त्यावर खरोखर काही मागत नाही. बाईंनी मागितलं.

"तुझी शिट्टी आली ना, की तिचा आवाज करता येईल का? कॉम्प्युटरने? आणि फोन तिथे धरशील?"

"येईल की. पण कुणासाठी?"

"माझ्या सासऱ्यांसाठी. तुझी मघाची शिट्टी त्यांचीच होती." बाईंनी घाईघाईने पुढे म्हटलं, "शिव्या नंतर दे. आणि खालच्या पट्टीत लाव, वरचं त्यांना ऐकू येत नाही."

वारेवाली हसायला लागली. इतका वेळ दाबून धरलेलं सगळं त्या हसण्यातून बाहेर आलं. "आणा त्यांना," ती म्हणाली.

बोळात खुर्ची आली. सासरे बसले. फोनची वायर पुरेना, म्हणून नवऱ्याने खुर्चीसकट बापाला भिंतीकडे ओढलं. न्हावी आला, मास्तर मायक्रोवेव्ह घेऊनच आले. सगळे श्वास रोखून उभे. सासऱ्यांनी बऱ्यापैकी असलेल्या कानाला रिसीव्हर लावला. खरखर. नुसती खरखर. ते बोटाने सांगत होते, अजून नाही, अजून नाही.

मग त्यांचं बोट थांबलं.

"हं," ते म्हणाले. मग डोळे मोठे झाले. "हं! आहे! हूंऽऽ असं! अगं, आहे ती!" आणि जरा वेळाने, "डुलतेय! सूनबाई, ही डुलतेय. माझी अशी डुलत नव्हती!"

रिसीव्हरमधून वारेवालीचा आवाज बोळभर ऐकू आला. "वारा! वारा आहे तो! तिथे वारा आहे!" ती हसत होती की रडत होती कोण जाणे. बोळात मास्तरांनी मायक्रोवेव्ह खाली ठेवून न्हाव्याला मिठी मारली. शनीच्या एका चंद्रावर या घटकेला वारा सुटलाय, म्हणजे तासाभरापूर्वी सुटला होता, कारण तिकडचा आवाज यायला तेवढा वेळ लागतो, आणि तो आपल्या गल्लीत, आपल्या माणसाच्या कानात येतोय! बाई नाचल्या. खरोखर नाचल्या, हातातल्या अँटेनासकट.

सासरे मात्र हलले नाहीत. पिल्लू उतरत होतं आणि ते हाताने दाखवत होते, वर गेलं, खाली आलं, हेलकावा, पुन्हा हेलकावा. मग त्यांचा हात गुडघ्यावर टेकला आणि तसाच राहिला. "थांबलं डुलायचं," ते हळूच म्हणाले. "टेकलं बहुतेक."

"टेकलं!" पलीकडून आवाज आला. "जिवंत आहे, अजून वाजतंय!"

नवऱ्याने बसलेला शनी कापून वाटला. मधला गोळा पार खड्ड्यात गेला होता, कडं तेवढं बरं होतं. सासऱ्यांनी एका हाताने केक खाल्ला आणि दुसऱ्या हाताने रिसीव्हर सोडला नाही. लोक आले आणि गेले. ऊन भिंतीवरून सरकलं. सूर बारीक होत गेला, कारण ग्रह आता क्षितिजाआड मावळायला टेकला होता. पुढचं ऐकायला दुसऱ्या देशातला कान बसला होता.

शेवटी वारेवाली म्हणाली, "बाई, संपलं हो आमच्याकडचं. आता नुसती खरखर आहे. फोन बंद करू?"

बाईंनी सासऱ्यांकडे बघितलं. त्यांचे डोळे मिटलेले, रिसीव्हर कानाशी घट्ट धरलेला, एक बोट गुडघ्यावर सावकाश हलत होतं. खरखर म्हणजे सगळी एकच नसते.

"नको," बंदकराबाई म्हणाल्या. "राहू दे चालू."